मोज्यावरचा डाग

बायको गेल्यावर मुलानं टेलरकाकांना परक्या देशात आपल्याजवळ आणलं. तिथल्या डॉक्टरनं साखर वाढल्याचं सांगताच सुनेनं पांढरे बूट आणले आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना दर मंगळवारी व्यायाम शिकवणाऱ्या नर्सकडे त्यांचं नाव घातलं. काकांनी ते मनावर घेतलं. बिनसाखरेचा चहा, रोज सकाळी तळ्याभोवती तीन फेऱ्या. मुलगा खूश, म्हणून काकाही खूश.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी तपकिरी, ओलसर डाग दिसला. पाय तर दुखत नव्हता. काकांनी मोजा गुपचूप धुऊन पलंगामागे वाळत घातला. सुनेला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. डॉक्टरकडे जायचं तर तिनंच रजा काढायची, तिनंच भाषा सांभाळायची.

डाग वाढत गेला. काका दोन-दोन मोजे घालू लागले. बूट घट्ट झाला, पण फेऱ्या चुकल्या नाहीत.

मंगळवारी नर्स म्हणाली, "आज सगळ्यांनी मोजे काढा. साखरेनं पाय बधिर होतात, लागलेलं कळत नाही."

"पुढच्या वेळी काढतो, ताई," म्हणत काका उठलेच.

त्या आठवड्यात त्यांच्या खोलीत वास येऊ लागला. "उंदीर मेलाय," म्हणत सुनेनं कपाट सरकवून पाहिलं. काकांनी पाय पांघरुणात ओढून घेतले. अंगात कणकण होती, तोंडाची चव गेली होती.

पुढच्या मंगळवारी ते वर्गाला गेले नाहीत, तेव्हा नर्सच घरी आली. तिनं खाली बसून मोजा उतरवला. अंगठा काळा पडला होता.

"दुखत नव्हतं हो," काका पुटपुटले.

"मामंजी, एका शब्दानं तरी बोलायचं होतं," सून म्हणाली.

दवाखान्यात अंगठा गेला. चार दिवसांनी डॉक्टरनं घोट्याच्या वर पेनानं रेघ ओढली. तो काय म्हणतो ते सांगताना सून मध्येच थांबली.

"राहू दे," काका म्हणाले. "जन्मभर कापडावर हेच केलंय. कुठून कापायचं ती खूण कळते मला."

तिनं त्यांचा हात धरला. "यापुढे काही लपवायचं नाही. शपथ आहे माझी."

काकांनी डाव्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

"टाचेकडे बघ," ते म्हणाले.