हेडफोन घ्यायला गेले तेव्हा

दोड्डबळ्ळापूरला अंजिनप्पाच्या घरात माग चार आणि माणसं तीन. पुढच्या लांबट खोलीत रेशमाचे यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि दोहोंच्या मधे भिंत घालून काढलेली एक चिंचोळी खोली. त्या खोलीत त्याची मुलगी रंजिता कामाला बसायची. बंगळूरच्या एका विमा कंपनीत ती नोकरीला होती. दोन दिवस ऑफिसात जायचं, तीन दिवस घरून काम. दवाखान्याच्या खर्चाचे दावे यायचे, त्या लोकांना फोन लावायचा आणि राहिलेले कागद मागवून घ्यायचे. कुणाचं मूल अजून अतिदक्षता विभागात असे, कुणाचा नवरा गेलेला असे. अशी माणसं हळू बोलतात.

आणि माग काही हळू बोलत नाहीत. मागाच्या खोलीत नुसती हाक मारून कुणालाच ऐकू जायचं नाही, म्हणून रंजिताने तिथे एक लाल दिवा बसवून घेतला होता. फोन आला की ती बटण दाबायची, दिवा लागायचा आणि अंजिनप्पा चारही माग थांबवायचा. दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. रेशमाला असं थांबणं मानवत नाही. माग पुन्हा चालू झाला की तिथे कापडावर आडवी रेघ उमटते, नाहीतर ताण्याचा उभा धागा तुटतो. रेशीम पुरवणाऱ्या मालकाला श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाच्या साड्या द्यायच्या होत्या. तिची आई चौडम्मा धाग्याच्या कांड्या भरता भरता करवादायची, "लेकीच्या फोनसाठी माग थांबवणारा सगळ्या गल्लीत हा एकच!" अंजिनप्पा हसायचा आणि म्हणायचा, "हं, हं."

आषाढातल्या एका दुपारी त्याने नुकताच तुटलेला धागा जोडून माग सुरू केला होता, तेवढ्यात रंजिताचा फोन वाजला. आत्ताच तर बिचाऱ्या अप्पांनी माग सुरू केलेत, असं मनात येऊन तिने दिवा लावला नाही. फोनवर चित्रदुर्गकडची एक बाई होती. तिचा नवरा जाऊन बावीस दिवस झाले होते. रंजिताने दोनदा तिला "पुन्हा सांगा" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती बाई जराही न चिडता म्हणाली, "ताई, तुम्ही गिरणीत बसून माझ्याशी बोलताय का? माझं नीट ऐकून घेणारं तिथे कुणी नसेल तर राहू द्या." आणि तिने फोन ठेवला.

रंजिताने पुन्हा लावला, पण त्या बाईने उचलला नाही.

त्या रात्री जेवताना रंजिता म्हणाली, "अप्पा, मला चांगला हेडफोन घ्यायचाय. बाहेरचा आवाज मारणारा, बिनवायरचा. घरी मागाचा आवाज नको, ऑफिसात शेजारच्यांच्या गप्पा नकोत. मग तुम्हाला माग थांबवायला नको."

अंजिनप्पाने नाचणीच्या उंड्याचा, मुद्देचा घास सारात बुडवला. "हं."

"उद्या शनिवार आहे, मी बंगळूरला जाणार," रंजिता म्हणाली. चौडम्माने तिचं बोलणं नेहमीप्रमाणे वरच्या पट्टीत त्याच्यापर्यंत पोचवलं, "ही उद्या बंगळूरला चाललीय म्हणते!"

"मग मीपण येतो. चिकपेटेत साड्यांसाठी जर बघायचीय."

बंगळूरला हेडफोनचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. गिऱ्हाईक सांभाळायला नाझिमा बानू होत्या, चाळिशीच्या, चटपटीत. रंजिताने आपली अडचण सांगितली तशी त्यांनी आधी तिच्या चष्म्याकडे पाहिलं. "हा दिवसभर असतो? मग कानावरची गादी मऊ हवी. चष्म्याच्या काडीने फट पडली की महागातला महाग हेडफोन वाया. आणि आवाज कसला आहे घरात? पंखा, एसी?"

"यंत्रमाग. चार." रंजिताने मोबाइल पुढे केला. "मी रेकॉर्ड करून आणलाय. तुमच्या मोठ्या स्पीकरवर लावाल?"

नाझिमांनी लावला, आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. खटाक खट, खटाक खट. काचेची कपाटं थरथरली. अंजिनप्पा मात्र घरी आल्यासारखा खुर्चीत सैलावला. "हा तिसरा माग," तो म्हणाला. "याचा इकडून तिकडे धावणारा धोटा उजवीकडे जरा जास्त आपटतो."

रंजिताने आधी कानात घालायची इवलीशी जोडी लावून पाहिली. घुमणारा आवाज गेला, पण धोट्याची खटखट सुईसारखी आत येतच राहिली. नाझिमा म्हणाल्या, "मी खोटं सांगत नाही. ही यंत्रं एकसारखी घरघर छान मारतात, विमानातली, एसीची. आपटण्याचा आवाज पुरा जात नाही. कान झाकणारा घ्या, थोडा फरक पडेल." मग त्यांनी दुसरा काढला, काळा, जाड गाद्यांचा. रंजिताने तो घातला आणि डोळे मिटले. माग तीन घरं पलीकडे गेल्यासारखे वाटले.

"बघू," अंजिनप्पा म्हणाला. "मलाही बघू दे, कसला आवाज मारतो तो."

त्याने हेडफोन दोन्ही हातांनी टोपीसारखा चढवला. नाझिमांनी बटण दाबलं आणि स्पीकरही बंद केला. अंजिनप्पाचं हसू हळूहळू मावळलं. मान एका बाजूला कलली. मग त्याने हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"हा बिघडलाय. आत शीळ वाजतेय."

नाझिमांनी स्वतः लावून बघितला. "नाही अप्पाजी, काही वाजत नाही." तरी त्यांनी दुसरा दिला. अंजिनप्पाने तो लावला आणि पुन्हा काढला. "यातपण तीच." तिसऱ्यातही तीच. चौथा नाझिमांनी बटण न दाबता, नुसताच त्याच्या कानावर ठेवला.

"आहे?"

"आहे. बारीक. कुकरची शिट्टी लांब कुठेतरी चालू राहावी तशी."

नाझिमांनी हेडफोन काढून घेतला. मग रंजिताकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "यात बॅटरी चालूच नव्हती. माझे अब्बा तांब्याचे हंडे ठोकायचे, चाळीस वर्षं. त्यांनाही अशीच शीळ यायची. हेडफोन कुठे पळून जात नाही. आधी यांचे कान दाखवा."

त्या काय म्हणाल्या ते अंजिनप्पाला कळलं नव्हतं. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. रंजिताला ते बघणं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि हा माणूस कित्येक वर्षं असाच प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत आलाय हेही तिच्या लक्षात आलं.

जिन्यात तिने त्याला थांबवलं आणि समोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "अप्पा, ही शीळ कधीपासून आहे?"

"अगं, ती सगळ्यांनाच असते," तो म्हणाला. "मागाचा आवाज डोक्यात उरतो. रात्री जरा जास्त. दहा-बारा वर्षं झाली असतील."

"मला नाही येत."

"तू कुठे माग चालवतेस?"

हेडफोन न घेताच दोघं परतली. घरी चौडम्माने ऐकून घेतलं आणि हातातली कांडी खाली ठेवली. "मी ओरडते म्हणून गल्ली मला भांडखोर म्हणते," ती म्हणाली, "आणि मीसुद्धा स्वतःला तेच समजत होते."

इस्पितळात जायला अंजिनप्पा तयार नव्हता. आठ दिवस त्याने सण, साड्या, पाऊस असं एकेक पुढे केलं. नवव्या दिवशी चौडम्माने मागाची मुख्य कळ खाली ओढली आणि कळीपुढे स्टूल टाकून बसली. मग तो गेला.

बंगळूरच्या सरकारी इस्पितळात कानांच्या विभागात एक काचेची खोली होती. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, असं तपासणाऱ्या बाईंनी त्याला समजावलं. रंजिता काचेबाहेर उभी होती. बाई बटणं दाबत होत्या आणि अंजिनप्पा शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता. सुरुवातीला त्याचा हात लगेच वर जायचा. मग उशिरा जाऊ लागला. मग बाईंनी दाबलेल्या कितीतरी बटणांना त्याचा हात मांडीवरून हललाच नाही, पण चेहऱ्यावर लक्ष देण्याचा भाव तसाच. मधेच त्याने काहीही नसताना हात वर केला आणि आपण बरोबर आहोत का हे बघायला रंजिताकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. "गेलेलं परत येत नाही. जे राहिलंय ते सांभाळा. दोन्ही कानांना श्रवणयंत्र लागेल. आणि मागावर असताना कान झाकायचे. गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत, कारखान्यातले कामगार घालतात तसले जाड."

"कान झाकले तर धागा तुटलेला कळणार कसा?" अंजिनप्पाने विचारलं.

"आत्ता कळतो?"

त्याने कागदावरच्या रेघेकडे पाहिलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र तो आपणहून बोलला. "कमी ऐकू येतं ते मला ठाऊक होतं, पुट्टी, बाळा. शीळ हा आजार असतो हे माहीत नव्हतं, पण ऐकू येत नाही हे माहीत होतं. बहिऱ्या विणकराच्या हातात रेशीम कोण देईल? मालक म्हणेल, याचा धागा तुटून दोन हात कापड वाया गेलं तरी याला पत्ता नाही. म्हणून 'हं' म्हणायला शिकलो. हसलं आणि 'हं' म्हटलं की बरंचसं निभतं."

रंजिता उठून त्याच्या समोर येऊन उकिडवी बसली, त्याला तिचं तोंड दिसेल अशी.

"अप्पा, तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याजवळ मागापाशी आले होते. मला मैसूरला एम.कॉम.ला जागा मिळाली होती. जाऊ का, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, 'असू दे, असू दे. पुढच्या महिन्यात बघू.' प्रवेशाला चार दिवस उरले होते."

अंजिनप्पा तिच्याकडे बघत राहिला.

"मैसूर?"

"हो."

"मला वाटलं, तू विजेच्या बिलाचं सांगतेयस." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, मोडली. "पुन्हा का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला फरकच पडत नाही. राग आला. मग मी नोकरी धरली."

"तीन वर्षं राग?"

"तीन वर्षं."

समोरून एक स्ट्रेचर गेलं, मागून त्याची माणसं गेली. अंजिनप्पाने ती लांब जाऊ दिली. मग म्हणाला, "हो म्हटलं असतं, असं आज सांगणं सोपं आहे. खोटं कशाला बोलू? तेव्हा तुझी आजी अंथरुणाला खिळलेली, कापडाला उठाव नव्हता. नाहीच म्हटलं असतं कदाचित. पण ऐकून म्हटलं असतं. तू भांडली असतीस. मी दोन दिवस जेवलो नसतो. बाप-लेकीत असं काहीतरी झालं तर असतं." त्याने टॉवेल डोळ्यांना लावला. "त्यातलं काहीच झालं नाही, आणि मी तुझ्याकडे बघून हसलो असेन."

"हसला होतात," रंजिता म्हणाली, आणि मग तिलाही रडू आवरलं नाही.

तो वरमहालक्ष्मीच्या आधीचा आठवडा होता. श्रवणयंत्रं मिळायला महिना लागणार होता. येताना ती दोघं पुन्हा नाझिमांच्या दुकानात गेली. या वेळी नाझिमांनी तिला तोंडापुढे माइकची बारीक काडी येणारा हेडफोन दिला. दिसायला काही खास नव्हता. "नुसतं तुम्हाला शांत वाटून काय उपयोग? पलीकडच्या माणसालाही माग ऐकू येता कामा नये," म्हणत त्यांनी स्पीकरवर रंजिताचे माग लावले आणि स्वतः रस्त्यावर जाऊन तिला फोन केला. "बोला काहीतरी." रंजिता बोलली. नाझिमांना तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं, माग अगदी पुसट. रंजिताला मात्र धोटा थोडा ऐकू येतच होता. तिने तोच घेतला. कामगारांच्या जाड कानझाकण्या दुसऱ्या गल्लीत मिळाल्या. तिने तीन घेतल्या, चौडम्मासाठी आणि स्वतःसाठीही.

पहिल्या दिवशी कान झाकून माग चालवताना अंजिनप्पाचा बाण्याचा आडवा धागा तुटला आणि वीतभर पदर फुकट गेला. तो मागापाशी बसून कात्रीने ते विणकाम सोडवत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो मागाच्या लाकडावर तळवा ठेवून उभा राहायला लागला. महिन्याभरात त्या तळव्याला पुष्कळसं कळायला लागलं, सगळं नाही. सणाच्या दोन साड्या उशिरा गेल्या. मालक कुरकुरला. अंजिनप्पाने त्याला कान दाखवून खरं ते सांगितलं. मालकाने आपला कान चोळला आणि हळूच विचारलं, "कुठल्या इस्पितळात गेला होतास?"

रंजिताने चित्रदुर्गच्या त्या बाईला पुन्हा फोन लावला. तिचा दावा आता दुसऱ्या कुणीतरी पुरा केला होता. तरीही ती बाई वीस मिनिटं बोलली, नवऱ्याबद्दल. रंजिताने एकदाही "पुन्हा सांगा" म्हटलं नाही.

श्रवणयंत्रं आली त्या संध्याकाळी माग बंद होते. अंजिनप्पाने ती लावली आणि चौडम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "जेवायला या!" त्याने दोन्ही हात कानांवर नेले.

"अगं, हळू! शेजाऱ्यांना बोलावतेस का जेवायला?"

चौडम्मा दारात आली. तिने तोंड उघडलं, मिटलं. बारा वर्षांत तिला हळू बोलायची सवयच उरली नव्हती. तिने पुन्हा प्रयत्न केला, पण आवाज चढलाच, आणि ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

अंजिनप्पा रंजिताच्या चिंचोळ्या खोलीत आला. तिने कानावरचा हेडफोन उतरवला आणि सवयीने खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड केलं.

"होतीस तशीच बस, भिंतीकडे बघत. तुझं तोंड न बघता ऐकायचंय," तो म्हणाला. "मैसूरला काय शिकणार होतीस ते सांग. सगळं सांग. मला हिशेबातलं काही कळत नाही, तरी सांग."

तिने पाठ फिरवली आणि सांगायला सुरुवात केली.