सिनेमातलं मढं

तूदाचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. नदीअलीकडच्या नव्या गावात, चहाच्या टपरीवर, शहरातून आलेला मास्तर बसला होता आणि दुपारच्या नमाजानंतर तो परत जाणार होता. समुद्र ओलांडायला निघाली आणि मग ज्यांचा पत्ताच लागला नाही, अशा पोरांचे फोटो तो स्पेनला पाठवायला गोळा करत होता.

"नुसतं नाव लिहून काय करू, मावशी? तिकडे शंभर इदिर निघतील," तो तिला म्हणाला होता. "चेहरा आणा."

चेहरा आणायचा कुठून? तिच्या पोराचा, इदिरचा, एकुलता एक फोटो त्याच्या ओळखपत्रावर होता, आणि ओळखपत्र खिशात घालून तो तीन वर्षांपूर्वी गेला होता.

तेवढ्यात तिच्या कानावर आलं की पाहुण्यांना जुनी गढी दाखवणाऱ्या बस्सूकडे आज एक परदेशी बाई आली आहे आणि तिच्या फायलीत इथे काढलेल्या सिनेमांची चित्रं आहेत. झालं! भाकरी तव्यावरच टाकून तूदाने नदी ओलांडली आणि धापा टाकत जुनी गढी गाठली. या मातीच्या गढीने कधी रोम होऊन दाखवलं, कधी जेरुसलेम, कधी मिसर. स्वतःच्या नावाने मात्र तिला कुणी पडद्यावर आणलं नाही. इदिरही त्यातल्या एका सिनेमात शिपाई झाला होता, आणि चांगला चार दिवस.

बाई भलतीच चिकट निघाली. एक चित्र काढायची, समोर धरायची, एक पाऊल डावीकडे, दोन मागे, भिंतीची कड चित्रातल्या कडेला जुळली की समाधानाने मान डोलवायची आणि फाईल मिटून पुढे चालू लागायची. मोठ्या वेशीपाशी तर तिने डोळे मिटून भिंतीला हात लावला. ती वेस सिनेमावाल्यांनी लाकूड आणि प्लास्टरची केलेली. खरी कधीच पावसात वाहून गेली होती. पण गावकरी दरवर्षी तिलाही इमानाने माती लिंपत, त्यामुळे बाईला कोण सांगणार?

"बस्सू, तिला म्हणावं जरा उरक," तूदा कुरकुरली. "भिंती काय पळून चालल्यात?"

"गिऱ्हाईक आहे, मावशी. ढकलू का तिला?"

"मग फाईल दे माझ्याकडे."

"अगं, असं कसं..."

उन्हाने सावल्या पायाखाली ओढून घेतल्या होत्या. नमाजाची वेळ होत आली होती. तूदाने पुढचा-मागचा विचार न करता बाईच्या काखेतली फाईल सरळ खेचली आणि मातीत बसून पानं उलटू लागली. उंट, राणी, आग, पुन्हा उंट. बाई आधी चमकली, मग बस्सूने काहीतरी पुटपुटल्यावर तिच्या शेजारी मातीत बसली.

शेवटून दुसऱ्या पानावर लढाई संपलेली होती. वाळूत पाच शिपाई मरून पडले होते.

"हा बघ मी!" बस्सू हसला. "आणि हा मोहा, हे दोघे खालच्या आळीतले..." पाचव्यावर बोट येताच त्याचं हसू विरलं.

चौघे उताणे होते, तोंडं आभाळाकडे, नाकडोळे कसे स्पष्ट. पाचवा पालथा होता. चेहरा पुरता वाळूत. दिसत होती ती मान, आणि डाव्या टाचेची भेग. त्या भेगेत तूदाने स्वतःच्या हाताने कितीदा तरी तेल भरलं होतं.

"हा इदिर," ती म्हणाली.

बस्सूला ठाऊक होतं. शूटिंगच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शकाचा माणूस त्याला उताणा करायचा आणि इदिर पुन्हा वळायचा. शेवटी त्या माणसाने नाद सोडला. तूदानेच बजावलं होतं इदिरला. मेल्याचं सोंग घ्यायचं तर घे, पण आभाळाकडे तोंड करून पडायचं नाही. मौत चुकून खरं समजेल. बाकीच्यांच्या आयांना हे सुचलंच नव्हतं. आणि ते चौघेही आज गावात होते, बायकापोरांत, चहा पीत.

बाईने ते पान फायलीतून सोडवलं आणि तूदाच्या हातात ठेवलं.

"चल, मावशी, तरी देऊ मास्तराला," बस्सू म्हणाला. "टाचेची खूण लिहून घेईल."

तूदा उठली नाही. तिने अंगठ्याने त्या मानेवरची वाळू पुसली, जणू कागदावरची वाळू पुसली जाणार होती.

"शाळा सोडू नको म्हटलं, सोडलीस," ती चित्राला म्हणाली. "होडीत बसू नको म्हणून पाय धरले तुझे, बसलास. अख्ख्या जन्मात आईचं एक ऐकलंस रे, तेही नेमकं हेच?"