नातीच्या तोंडून

माझ्या मुलाची मुलगी जपानात पहिलीत गेली, त्याच वर्षी इकडे माझ्या बायकोचे डोळे पुरते गेले. साखरेचा आजार जुना होता. आधी सुईत दोरा ओवेना, मग माणसं ओळखू येईनात, आणि शेवटी खिडकी कुठल्या बाजूला आहे हेही तिला विचारावं लागू लागलं. पण विचारणार कोणाला? माझा आवाज त्याआधीच गेला होता.

जड यंत्रं दोरांनी ओढून जागेवर बसवणाऱ्या टोळीत मी आवाज द्यायचो. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावायचा तर कोणीतरी ओरडावं लागतं. तो मी. अक्षरओळख नव्हती, आणि तिच्यावाचून कधी अडलंही नाही. मग घशात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली आणि गळ्याला श्वासापुरतं भोक ठेवलं. घरी आलो तेव्हा बायकोनं माझ्या पुढ्यात पाटी ठेवली.

"जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलात," ती म्हणाली. "आता गपगुमान लिहायला शिका."

साठीच्या घरात मी 'अ' गिरवला. दोनेक वर्षांत पाटीवर भांडण्याइतका तयार झालो. मी लिहायचो, ती मोठ्यानं वाचायची आणि त्याहून मोठ्यानं उत्तर द्यायची. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई एकटीच भांडते.

डोळे गेल्यावर पाटी भिंतीला टेकून राहिली. मग आम्ही ठरवलं, पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमच्यानं एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते सुरू केलं की ती म्हणायची, "माणूस बोलतोय की पंखा?" मी लिहिलेलं वाचून दाखवणारी बाई मुलानं फोनमध्ये बसवून दिली. त्या बाईनं "औषध घे" म्हटल्याबरोबर बायको भिंतीकडे तोंड करून पडली.

"म्हातारपणी सवत आणलीत होय? हिला आधी घराबाहेर काढा."

जपानी मी शिकायला लागलो ते नातीसाठी. तिला आपली भाषा येत नाही. मुलगा सकाळी कामावर जातो तो रात्री येतो, शिकवणार कधी? रविवारी तो फोन लावायचा. बायको इकडून बोलायची, तो तिकडे पोरीला अर्थ सांगायचा. मी म्हणजे पडद्यावरचा हलणारा फोटो. पोर हात हलवायची, मी हात हलवायचो. मला वाटलं, हिला निदान माझ्या हातचं काहीतरी वाचता यावं. मुलामार्फत सुनेला तसं कळवलं. सून जपानीच. तिनं काय करावं, तर पोरीच्या शाळेतल्या गिरवायच्या पानांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. नात आणि आजोबा एकाच वर्गात बसले.

त्यांची मांडणी आपल्यासारखीच. अ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु, के, को. ते बघून मी खूश झालो, पण लवकरच खाली आलो. आपल्या 'क'ला वेलांटी दिली तरी तो 'क'च दिसतो. त्यांचे का, की, कु एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत, वाटणी झाल्यावर सख्खे भाऊ वागतात तसे. 'नु' आणि 'मे' जुळे. शेपटीला गाठ असली तर नु, नसली तर मे. कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर, हेही ठरलेलं. मी पान भरून फोटो पाठवायचो. नात तिच्या बाईंसारखी चुकलेल्यावर खूण करायची आणि बरोबर असलेल्यावर लाल फूल काढायची. फुलं कमीच असायची.

फोनवर लिहिणं तर आणखी वेगळं. बटणं थोडीच. 'क'च्या बटणाला नुसतं टेकलं की का, बोट डावीकडे सरकवलं की की, वर कु, उजवीकडे के, खाली को. दोर ओढून माझा अंगठा खुंटासारखा झालेला. जायचं असायचं डावीकडे, जायचा वर. शिवाय काही लिहिलं की तो फोन चित्रांसारखी अवघड अक्षरं पुढे करतो, गळ्यात पडणाऱ्या दुकानदारासारखा. हे घ्या, नाहीतर ते घ्या. पहिल्यांदा मी भिडेखातर एक घेतलं. ते पोरीला वाचता येईना. ती अक्षरं पुढच्या वर्गांत असतात म्हणे. तेव्हापासून मी दुकानदाराकडे बघणं सोडलं.

याच सुमारास बायकोनं सांगितलं की ती बहिणीकडे राहायला जाणार.

"तिथं दोन सुना आहेत, पोरंबाळं आहेत, बोलायला माणसं आहेत," ती म्हणाली. "इथं मी भिंतीशी बोलते. महिनाअखेर भाचा गाडी घेऊन येईल."

मी दोनदा वाजवलं.

"नाही म्हणजे काय नाही? जाऊ नको? की त्रास होत नाही? की तोंड बंद कर?"

एका चमच्यात याचं उत्तर कुठून आणू? मी पुन्हा दोनदा वाजवलं.

"भिडेनं म्हणताय," ती म्हणाली. "माझं सगळं करून थकलात तुम्ही. कळतं मला."

खालच्या शिंप्याला मी वर आणलं. औषधाच्या इंग्रजी चिठ्ठ्या तोच वाचून दाखवायचा. पाटीवर मी लिहिलं होतं की जाऊ नकोस, मला करमणार नाही. शिंप्यानं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि गिऱ्हाइकाचं माप वाचावं तसं वाचलं, "जाऊ नकोस. मला. करमणार नाही." बायकोनं पदर सारखा केला. "बरं बरं भावजी, बसा, चहा टाकायला सांगते ह्यांना." तो गेल्यावर मात्र माझ्यावर उखडली. "लाज नाही वाटली? दोघांतलं बोलणं त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं का मी?"

तिचं बरोबर होतं. मुलाला वाचायला सांगणं तर त्याहून वाईट. मग मी काहीच करेनासा झालो. ती बॅगेत कपडे भरायची, चाचपून घड्या घालायची. मी समोर बसून बघायचो. मी खोलीत आहे की नाही, हेही तिला कधीकधी कळत नसे. "आहात का?" असं ती विचारायची. मी एकदा वाजवायचो.

एके दिवशी नातीनं शाळेतून आल्या आल्या फोन लावला. मुलगा कामावर, जवळ फक्त सून. मला जपानी अक्षरं येत होती, शब्द एकही नाही. काय लिहिणार? जे येतं तेच लिहिलं, 'कशी आहेस'. अक्षरं त्यांची, बोलणं आपलं. पोरीनं बोट ठेवून वाचलं.

"का-शि आ-हे-सु?"

"बरी आहे गं बाई," बायको पलंगावरून म्हणाली. मग थबकली. "अगोबाई! कोण विचारतंय? हिला आपलं बोलायला कधीपासून यायला लागलं?"

मी दोनदा वाजवलं. तिनं कान फोनकडे केला.

"वाचतेय का ती? कोणी लिहिलंय? तुम्ही?"

एकदा.

"तुम्ही मला विचारलंत, कशी आहेस म्हणून?"

खरं तर मी नातीला विचारलं होतं. पण मी एकदाच वाजवलं.

"इतक्या महिन्यांनी विचारलंत," ती म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या पोरीला अक्षरं वाचता येतात आणि अर्थ कळत नाही. तिच्या आईलाही नाही. शिंप्यापुढे जे बोलता येत नाही, मुलापुढे बोलता येत नाही, ते त्या पोरीच्या तोंडून बोलता येईल, आणि ऐकेल फक्त जिला ऐकायचं आहे ती.

भाचा येण्याच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून लिहायला बसलो. त्यांच्यात 'ळ' नाही, 'ल'सुद्धा नाही. जिथं तिथं 'र' घालायचा. 'मला'चं 'मारा' होतं. असं बोलणं बायकोच्या पसंतीला उतरेल का, ही धास्ती होतीच. पण तिलाही माहीत होतं की कामावर मी कधी शुद्ध बोललो नव्हतो. शाळा सुटायच्या वेळेला मी ते पाठवलं, फोन लावला आणि तिच्या उशाशी ठेवला.

नात वाचू लागली. मधेच एखाद्या शब्दाला खुदकन हसायची, गंमत वाटायची तिला.

"जाउ नाको. तु बोरुतेसु, मी आइकातो."

बायको उठून बसली.

"माझा आवाज गेला, कान गेले नाहीत," असं पुढे होतं, ते पोरीनं अडखळत वाचलं. तू भिंतीशी बोलतेस असं तुला वाटतं. मी रोज तुझ्या पायाशी बसून ऐकतो. तू तुझ्या बहिणीला नावं ठेवतेस ते ऐकतो, माझ्या आईला ठेवतेस तेही ऐकतो. तू गेलीस तर या खोलीत बोलणारं कोणी नाही, मग मी कान घेऊन काय करू? एवढंच होतं. जास्त लिहायला अंगठा तयार नव्हता.

पोर थांबली. तिकडे सुनेनं तिला काहीतरी विचारलं, तिनं खांदे उडवले असतील. बायको फोनच्या दिशेला वाकली आणि म्हणाली, "परत वाच." पोरीला काय कळणार? पण आजीचा सूर कळला असावा. तिनं पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आता न हसता.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. बॅग दाराशी होती, बायको तिच्या शेजारी खुर्चीवर बसलेली, केस विंचरलेले. त्यानं बॅग उचलली.

"ठेव ती खाली," ती म्हणाली. "आईला सांग, मावशी येत नाही."

"का गं? परवा तर म्हणालीस, बोलायला माणूस नाही."

"तुमच्याकडे सगळे बोलणारेच रे. ऐकणारा एकही नाही. इथं एक आहे."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला गेलो.

त्यानंतर नात रोज वाचायची. मी कधी साध्याच गोष्टी लिहायचो, खालच्या शिंप्यानं दुकानाला रंग दिला, हिरवा, आणि घाण दिसतो. कधी मी मुद्दाम बायकोला चिडवायचो आणि ती त्या सातासमुद्रापारच्या पोरीला भरपूर सुनवायची. पोर आपली हसायची. फोन बंद झाला की खोलीत पुन्हा तिचं बोलणं आणि माझा चमचा. पण "आहात का?" असं तिनं परत विचारलं नाही.

माझी बायको पुढच्या वर्षी, नात दुसरीत गेल्यावर, जूनच्या नऊ तारखेला सकाळी घरीच वारली.