प्राचीन प्रवाहाचा बाण

संग्रहालयाच्या भिंतीवर नदीचा नकाशा तयार होता, फक्त प्राचीन प्रवाहाचा बाण काढायचा राहिला होता. रंगारी शिडीवर ब्रश धरून ताटकळला होता आणि खाली बापलेकीची जुंपली होती.

बाबा भूगर्भशास्त्रज्ञ. लेकही त्याच वाटेने गेलेली, आणि हट्टात बापाच्या चार पावलं पुढे. बाबांचं नाव झालं ते एका शोधामुळे: ही नदी पूर्वी उत्तरेला वाहायची, मग जमीन उचलली गेली, नदी उलटी फिरली आणि काठचं नगर ओस पडलं. पुरावा म्हणजे जुन्या पात्रातून कापून आणलेला गोट्यांचा ठोकळा. वाहत्या पाण्यात चपटे गोटे फळीवरच्या पुस्तकांसारखे एकमेकांवर रेलतात आणि पाणी जिकडे जातं तिकडे झुकतात. ठोकळ्यावर उत्तर दिशा दाखवणारी शाईची खूण होती, गोटे तिच्याच दिशेला झुकलेले. मिटला वाद.

लेकीने मात्र त्याच पात्रात नवा खड्डा खणला, आणि तिथले सगळे गोटे दक्षिणेला झुकलेले निघाले. आज नदी वाहते तशीच. उद्या दालन उघडलं की चुकीचा बाण शाळेतली पोरं पाठ करणार, हे तिला सहन होईना. बाबांच्या हयातभराच्या कामावर पाणी फिरवायचं, हेही जिवावर आलं होतं. तरी ती बोललीच.

"गोटे खोटं बोलत नाहीत!" बाबा कडाडले.

"गोट्यांवर माझा विश्वास आहे, बाबा. तुमच्या खुणेवर नाही. कधी केलीत ती?"

"कापायच्या आधी. मीच शिकवलंय ना तुला?"

"मग शाई गोंदाच्या वर कशी?"

ठोकळा फुटू नये म्हणून त्याला गोंद पाजतात, पण तो कापून वर आणल्यावर. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ठोकळ्याला नाक लावलं. शाई गोंदावरच होती. म्हणजे घाईघाईत ठोकळा आधी निघाला, वर येताना हातातल्या हातात फिरला आणि खूण मागाहून आठवली.

"खड्डा दाखव," ते एवढंच म्हणाले.

नदीच्या जुन्या पात्रात पोचल्यावर, लेक नको नको म्हणत असताना ते खड्ड्यात उतरले. एकेका गोट्यावरून त्यांनी तळहात फिरवला. आपण बरोबर आहोत याचा काठावर उभ्या लेकीला त्या घडीला रागच आला.

"दक्षिण," बाबा म्हणाले. मग वर बघून, "नदी उलटलीच नाही, तर एवढं भरलं नगर सोडून माणसं गेली का?"

"माहीत नाही, बाबा."

"तुलाही नाही?"

"नाही."

बाबांचा चेहरा असा उजळला की लेक बघतच राहिली.

"मग वर काय उभी आहेस? रंगाऱ्याला सांग, बाण दक्षिणेला. आणि मला कुदळ दे."