मुरमाडावरची बैलजोडी

त्या साली हस्ताचा पाऊस थांबला, पण आभाळ काही उघडेना. तेरणेकाठचं गाव ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं झालं. तशात शांतलिंगाच्या गोठ्यात लाळ-खुरकूत शिरली. बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, खुरं फाटली. रुद्रम्माचा गोठा त्याच गल्लीत. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली, आणि नवरा गेल्यापासून सारं घर एका बैलजोडीवर चाललेलं. बैल लंगडले की रान पडीक राहणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सासऱ्यानं, महांतप्पानं, वाडवडिलांची रीत धरली. रोग म्हणजे देवी, तिला गारवा हवा. त्यानं गोठ्याचे झरोके बुजवले, कडुलिंबाच्या पाण्यात भिजवलेली पोती टांगली, भुईवर घागरी ओतल्या.

धाराशिवचे ढोरांचे डॉक्टर शांतलिंगाकडून निघाले, ते रुद्रम्माच्या अंगणाबाहेरच थांबले.

"आत येत नाही, माझ्या कपड्यांवर रोग असेल. बाई, हा वाऱ्यावरही येतो. गार, ओलसर, अंधाऱ्या हवेत तग धरतो. कोरडी हवा आणि ऊन त्याला सोसत नाही. तुम्ही तर त्याचा पाहुणचार मांडलाय."

"मामा, ऐकलं का?" रुद्रम्मानं विचारलं.

"ऐकलं. सरकार त्याला पगार देतंय, आपल्याला बैल देत न्हाय."

रुद्रम्मानं पदर खोचला आणि पोती ओढून काढली. महांतप्पा दारात आडवा झाला.

"देवी कोपली म्हंजे?"

"माझ्यावर कोपंल. बैलांनी तिचं काय केलंय?"

म्हातारा बाजूला झाला, पण त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं.

गावाच्या वरच्या अंगाला, वारा जिकडून येई तिकडं, मुरमाड माळ होता. पाणी ठरत नव्हतं तिथं. तिनं जोडी तिथं बांधली आणि स्वतःही तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

खालच्या वाटेवरून गल्लीतली उमाबाई ओरडली, "बैलांना हवापालटाला आणलंस व्हय गं? दूधभात बी चारतीस का?"

"चारते की. तुमच्या बैलांना हवा असंल तर सांगा."

रुद्रम्मा वरवर हसली, तरी रोज सकाळी उठल्याउठल्या बैलांची तोंडं उघडून जिभा निरखायची. गल्लीतला एकेक गोठा आजारी पडत गेला. माळावरच्या जिभा मात्र स्वच्छ राहिल्या.

एका सकाळी महांतप्पा आंघोळ करून, धुतलं धोतर नेसून वर आला. दोन्ही बैलांच्या जिभा पाहिल्या, खुरं चाचपली. मग बऱ्याच दिवसांनी सुनेशी बोलला, "पोरी, तिफण कुठं ठिवलीस?"

त्यांचं रान पेरून झालं, तसा शांतलिंग माळाखाली येऊन उभा राहिला. "रुद्रम्मा, माझं बी तेवढं..."

तिनं मान हलवायच्या आधीच महांतप्पा गरजला, "पेरू की. पण बैल गावात यायचे न्हाईत. आन् तुझी तिफण आधी उन्हात टाक. चांगली कडक वाळू दे. ओली आणलीस तर माघारी धाडीन."

त्या हंगामात गल्लीतलं एकही रान पडीक राहिलं नाही. घरोघरच्या तिफणी आधी माळावर उन्हात उताण्या पडत. मग रुद्रम्मा जोडी जुंपायची, आणि म्हातारा पुढं होऊन बघायला जमलेल्यांना बाजूला सारायचा, "सरा, सुनेला वाट द्या."