डोळे दाखवायला

तेरवीच्या पंगतीत भुवनेश्वर सर जेवायला बसलेले दिसले आणि रुचिकाच्या हातातली वरणाची बादली जड झाली.

गेल्या वर्षी तिच्या बाबूजींची झोप उडाली. धानाच्या बांधीत उभे राहून ते रडायचे. तेव्हा तिनेच नागपूरहून येऊन त्यांना गोंदियाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं होतं. आमगावात कोणी विचारलं की माय सांगायची, "डोळे दाखवाले जातो." गोळ्या लागू पडल्या, बाबूजी जेवू लागले. पण दर महिन्याला डोळे किती दाखवणार? त्यात धाकट्या बहिणीचं, रिंकूचं, लग्न जुळवायचं होतं. मग सेवकराम काकाजींनी गावातच सोय पाहिली. खाली शिकवणी वर्ग, वर भुवनेश्वर सरांचं समुपदेशन केंद्र. तो जिना चढणाऱ्याला कोणी पागल म्हणत नव्हतं. पाटीवर समुपदेशक लिहिलं होतं, पण टेबलामागे बसलेल्या माणसाला लोक डॉक्टरच म्हणत, आणि सरांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. "गोळ्यांची सवय लागते, मन खंबीर करा," असं ते बाबूजींना म्हणाले. बाबूजींनी गोळ्या सोडल्या. रुचिकाला हे कळलं ते बाबूजी कालव्यावर गेले आणि परत आले नाहीत, त्यानंतर.

हात धुऊन सर ओसरीवर आले. आत माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवण सुटलं होतं, आणि ती सारखी बाबूजींशी बोलत असे.

"वहिनीले उद्या सरांकडं नेतो," काकाजी म्हणाले. "घरचाच माणूस आहे."

"अवश्य आणा. दुःख मोकळं करावं लागतं," सर म्हणाले.

रुचिकाने बादली खाली ठेवली.

"सर, तुम्हाला गोळी लिहून देता येते?"

"नाही, पण..."

"मग बंद कशी करता येते?"

काकाजी मध्ये पडले.

"रुचि, लोक जेवून राहिले. काऊन तमाशा करतेस?"

"बैल आजारी पडला तर सरांना बोलावता का, काकाजी? गुरांचा डॉक्टर शोधता. माझ्या बापासाठी तेवढंही केलं नाही."

"मी रीतसर कोर्स केला आहे," सर म्हणाले.

"केला असेल. माणसाचं ऐकून घेणारा समुपदेशक हवाच असतो. मनाच्या तपासण्या करणारा, बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञही हवा असतो. पण बाबूजींना औषध लागत होतं, आणि औषधाचा डॉक्टर वेगळा. हे माझं काम नाही, एवढंच पहिल्या दिवशी सांगायचं होतं. त्याला कोर्स लागत नाही."

सरांनी चपला शोधल्या. काकाजी तिच्याकडे न बघता त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

सकाळी रुचिकाने मायला हाताला धरून गाडीत बसवलं. समोरच्या अंगणातून जमुनाकाकूने हाक मारली, "कुठं निघाल्या मायलेकी? डोळे दाखवाले काय?"

रुचिका उत्तर देणार, तोच मायने काच खाली केली.

"नाही वं. पागलांच्या डॉक्टरकडं जाऊन राहिलो."

काकूच्या हातातली केरसुणी थांबली.

हे गेल्या वर्षी का नाही बोललीस, असं रुचिकाच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते दातांखाली दाबलं आणि गाडी सुरू केली.