खुंट्यावरचं चौथं कातडं

माझ्या माथ्याची कड बोटभर रुंद आहे, आणि फक्त मधोमध ती काचेसारखी गुळगुळीत आहे. बाकी सगळीकडे चिरा आहेत. तेवढीच जागा वर्षानुवर्षे कातड्याने घासली गेली.

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा खुंटा आहे. थेरगावात भिमाजींच्या खोलीमागे कंबरेइतका उभा आहे. त्यांच्या वडिलांनी मला तासून इथे रोवलं. कमावलेलं करडाचं कातडं माझ्या कडेवरून पुढेमागे ओढलं की मऊ होतं. भिमाजींनी ओढलेलं कातडं मुठीत मावायचं. लोक ते गालाला लावून बघत. पुढे ते कंपनीत लागले आणि माझ्यावर ओले बनियन वाळू लागले.

आता त्यांची मुलगी मोनिका हे काम शिकते आहे. शिकते कसली! भिमाजी शिकवतच नाहीत. "दिवाळीनंतर बघू," असं तीन दिवाळ्या म्हणाले. एकदा म्हणाले, "चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्टर झालीस, अन् परत कातड्यात हात घालणार व्हय?" मग ती एकटीच धडपडते, आणि सोसतो मी.

पहिल्या कातड्याला तिने मीठ दुसऱ्या दिवशी लावलं. तोवर ते कुजू लागलं, त्याचे केस मूठमूठ गळले. दुसरं पत्र्यावर कडक उन्हात टाकलं. त्याचा पापड झाला. तिसरं मात्र जमत होतं. तुरटी-मिठाच्या पाण्यातून काढून तिने ते सावलीत अर्धवट सुकवलं. दुमडून चिमटा घेतला तेव्हा पांढरी रेघ उमटली, म्हणजे ओढायची वेळ झाली. दहा मिनिटं ओढलं असेल, तोच कंपनीच्या बसने हॉर्न दिला. कातडं माझ्या डोक्यावर टाकून ही निघाली सेकंड शिफ्टला!

"अप्पा, उरलेलं आल्यावर करते."

अहो, कातडं काय शिफ्ट बघून वाळतं? ओलसर आहे तोवरच ते ओढायचं, पूर्ण सुकेपर्यंत. मध्ये थांबलात की आखडलंच. ती परतली तेव्हा माझ्या डोक्यावर त्याची टणक टोपी झाली होती.

"शोभतीय," भिमाजी म्हणाले. "टोपीसकट बंबात घालतो आता ह्याला."

आज चौथं कातडं आहे. पांढरी रेघ उमटली आहे. मोनिका ओढते आहे, पण नुसत्या मनगटाने. मला ओरडता येत नाही. भिमाजी खुर्चीत चुळबुळत आहेत. त्यांनी सत्तरी ओलांडली. हे काम येणारं घरात दुसरं कोणी नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, कौतुकही नको. माझ्यावर काम घ्याल तर ते संपेपर्यंत माझ्याजवळ उभे राहा. आणि ज्याला येतं, त्याने खुर्चीत बसून राहू नये.

कोपऱ्यावर हॉर्न वाजतो. मोनिकाचा हात थांबतो.

"थांबू नगंस!" भिमाजी ओरडतात.

"अप्पा, बस आली..."

"जाऊ दे. फोन करून सुट्टी सांग." ते गुडघ्यावर हात टेकून उठतात. कातड्याचं एक टोक हातात घेतात. "सरक जरा. मनगट न्हाई, खांद्यानं वढायचं. बघ असं. मी शिकवतो तुला."